टायरवरील अंक आणि गाडीचा भार

अमेरिकेंत मध्यम आकाराचा पिकअप ट्रक आठवडाभर माणसें नेतो आणि सुटीच्या दिवशीं विटा, लांकूड वाहतो. अशा गाडीस नवे टायर घेतांना मालक नक्षी व किंमत पाहतो. टायरच्या कडेवरील भारदर्शक अंकाकडे मात्र दुर्लक्ष होतें.

हा अंक ११२ असल्यास एका टायरची भारक्षमता १,१२० किलो, ११५ असल्यास १,२१५ आणि १२१ असल्यास १,४५० किलो असते. प्रवासी मोटारीचा टायर पिकअपला लावल्यास ही क्षमता १.१० नें भागून धरावी लागते. १,१२० चे सुमारें १,०१८ उरतात.

तेव्हां सर्वांत मोठा अंक घ्यावा, असें कोणास वाटेल. पण भार मुख्यतः टायरांतील हवा पेलते. १२१ अंकाच्या जाड 'ई' श्रेणीच्या टायरला पूर्ण भारासाठीं दर चौरस इंचास ८० पौंड दाब लागतो. त्यांत जुन्या सवयीनें ३५ पौंडच भरले, तर तो त्याच मापाच्या ११५ अंकी टायरहूनही कमी ओझें पेलूं शकतो. मग तो वांकतो, तापतो आणि भर वेगांत फाटूं शकतो. उलट पुरेशी हवा भरली, तरी रिकाम्या गाडींत हादरे अधिक बसतात.

म्हणून निवडीचा आरंभ चालकाच्या दाराजवळील पट्टीपासून करावा. तेथें प्रत्येक आसाचा कमाल भार दिलेला असतो. आसावरील दोन टायरांची एकत्रित क्षमता त्याहून कमी नसावी; आणि श्रेणी बदलल्यास हवेचा दाबही त्या टायरच्या कोष्टकावरून नव्यानें ठरवावा.