उस्ताद आणि मुसाफिर

एका गावी फार दिवस न टिकणाऱ्या मास्तराविषयी आपल्याकडे सहसा बरं बोललं जात नाही. आज अशाच एका मास्तराची ओळख करून द्यायची आहे. त्यांचं नाव लॅरी ब्राऊन, अमेरिकेतले बास्केटबॉलचे प्रशिक्षक.

ब्राऊन यांचा जन्म १९४० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. १९६४च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी खेळाडू म्हणून सुवर्णपदक मिळवलं. गायकाचं असावं तसं त्यांचं घराणंही मोठं. या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ, त्यांचे शिष्य फॉग ॲलन, ॲलन यांचे शिष्य डीन स्मिथ आणि स्मिथ यांचे शिष्य आपले ब्राऊन.

१९७२ पासून हा माणूस बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडला. डेन्व्हर, सॅन अँटोनियो, इंडियाना, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट आणि २०१८ मध्ये थेट इटलीतलं तुरिन. बहुतेक ठिकाणी पडका संघ हाती घ्यायचा आणि उभा करायचा. सॅन अँटोनियोच्या संघाने १९८८-८९ मध्ये ८२पैकी २१ सामने जिंकले होते, पुढच्याच हंगामात ५६ जिंकले. डेव्हिड रॉबिन्सनसारखा उंचापुरा खेळाडू त्या वर्षी संघात आला, हेही खरं. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत ब्राऊन यांनी आठ वेगवेगळे संघ बाद फेरीपर्यंत नेले. १९८८ मध्ये कॅन्सस विद्यापीठाला आणि २००४ मध्ये डेट्रॉइटला त्यांनी अजिंक्यपद मिळवून दिलं. महाविद्यालयीन आणि व्यावसायिक अशी दोन्ही अजिंक्यपदं मिळवणारे ते एकमेव प्रशिक्षक.

गझलेत उस्ताद शागिर्दाच्या शेरात दुरुस्ती करतो, तिला इस्लाह म्हणतात. ती सोसायला शागिर्दाचं मन मोठं लागतं. फिलाडेल्फियाच्या ॲलन आयव्हर्सनचे आणि ब्राऊन यांचे खटके जगजाहीर होते. तरी २००१ मध्ये आयव्हर्सन सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ अंतिम फेरीत पोचला. २०१६ मध्ये क्रीडागौरव स्वीकारताना त्याने याच उस्तादाचे आभार मानले.

पण या प्रवासाला दुसरी बाजू आहे. १९८३ मध्ये हंगामातले सहा सामने उरले असताना ब्राऊन यांनी न्यूजर्सीचा संघ सोडला. कॅन्ससला अजिंक्यपद मिळवून ते सॅन अँटोनियोला गेले आणि मागाहून त्यांच्या कारकिर्दीतला नियमभंग उघड झाला. शिक्षा मागे राहिलेल्या मुलांना झाली. पुढच्या वर्षी अजिंक्यपद राखण्यासाठी मैदानात उतरण्याचीच त्यांना बंदी होती. ज्यांनी काही केलं नव्हतं, त्यांचं खेळण्याच्या वयातलं एक वर्ष गेलं. ते कुठल्या पदकाने भरून येणार?

म्हणून मला वाटतं, ब्राऊन यांना सलाम करावा, पण हिशेब पुरा मांडून. आपल्याही शाळांतून क्रीडाशिक्षक बदलून जातात. त्यांना निरोपाचा हार घालताना दोन गोष्टी पाहाव्यात. मुलांच्या अंगी त्यांनी काय बाणवलं? आणि जाताना मुलांच्या डोक्यावर काय ठेवलं?