वारा आला कुठून?



२३ जानेवारी २०२२. रविवारचा दिवस. मुंबईत उभ्या गाड्यांवर पांढुरकी पूड साचली होती, दूरच्या इमारती पुसट झाल्या होत्या. त्या दिवशी शहरात काही एकाएकी गाड्या वाढल्या नव्हत्या. पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून आली होती.

हवा कुठून आली, हे शोधण्याची एक रीत आहे. शहरावरचा एक बिंदू धरायचा आणि नोंदलेल्या वाऱ्यांच्या आधारे तासातासाने मागे जायचं: काल ही हवा कुठे होती, परवा कुठे? संगणकावर नकाशात एक रेघ उमटते. पावसाळ्यात मुंबईची ही रेघ विषुववृत्तापलीकडच्या हिंदी महासागरापर्यंत जाते. त्या हवेला वाटेत बहुतेक पाणीच भेटलेलं. ती मीठ आणते खरी, पण काजळी फारशी नाही. शिवाय पाऊस धुऊन काढतो तो वेगळाच.

हिवाळ्यात हीच रेघ अनेकदा उत्तरेकडे, जमिनीवरून वळते. वाटेत वीटभट्ट्या, औष्णिक वीजकेंद्रं, चुलींचा धूर. गंमत अशी, की हवेत चढतो तो सगळाच माल कणांच्या रूपात नसतो. कोळशातून निघालेला सल्फर डायऑक्साइड वायू प्रवासातच हळूहळू सल्फेटचे सूक्ष्म कण होतो. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, थेट फुप्फुसात खोलवर जातात. वाळवंटी धूळ बहुतांशी त्याहून जाडी. म्हणून कणांचा आकार आणि घटक तपासले की पाहुणा कुठल्या गावचा, याचा अंदाज येतो.

पण पाहुण्यावर सगळं खापर फोडायची सोय मात्र नाही. थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नाही, आणि आपल्याच रस्त्यांची धूळ, आपल्याच गाड्यांचा धूर खाली कोंडून राहतो.

आणि समुद्राकडून आला म्हणजे वारा स्वच्छच, असंही समजू नका. १९९९ साली हिंदी महासागरावर झालेल्या ‘इंडोएक्स’ मोहिमेत शास्त्रज्ञांना भर समुद्रावर धुरकं पसरलेलं आढळलं, तेही जमिनीवरूनच गेलेलं. मुंबईत तर हा खेळ रोजचा आहे. रात्री मतलई वारे शहराचा धूर समुद्रावर नेतात आणि दुपारी खारे वारे त्यातला काही परत आणतात. चौपाटीवर आपण छाती भरून घेतो त्या वाऱ्यात कालची मुंबईही थोडीफार असते.