नदीकाठचे माझे माहेर



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा हे भाषण म्हणून नव्हे, माहेरची गोष्ट म्हणून ऐका.

निफाड तालुक्यातील गोदाकाठचे चांदोरी हे माझे माहेर. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे, त्यांचा वाडा आमच्या गावात. पाहुणा आला की आधी वाडा दाखवायचा, मग नदी.

नदीच्या पात्रात जुनी दगडी देवळे आहेत. खाली नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ, इंग्रजी अमदानीत बंधारा झाला. त्याचे पाणी मागे तुंबते नि देवळे बुडून राहतात. २०१६ च्या उन्हाळ्यात पात्र आटले आणि ती उघडी पडली. लांबलांबून लोक पाहायला आले. आई नातवाचा हात धरून पात्रात उतरली, देवाला फुले वाहिली. आनंद मानावा की दुःख, कळेना. गावच्या विहिरीही आटल्या होत्या ना!

त्याच वर्षी ऑगस्टात पूर आला. घरात कमरेइतके पाणी. आईने देव माळ्यावर चढवले, धान्याची कोठी मात्र भिजली. मी गहू वाळवायला गेले तेव्हा वहिनी म्हणाली, “वन्सं, मे महिन्यात घागरभर पाणी मिळत नव्हते हो!”

पावसाळ्यात आपण छत्र्या घेऊन दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागले ते पाहायला जातो. मारुतीच्या कमरेला पाणी दिसले, की मी घरी येऊन आधी चांदोरीला फोन लावते.