मालकी आणि औचित्य



ट्रॉम्बेत दोन अनोळखी माणसे भेटली, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच प्रश्न येतो, "तुम्ही प्रॉपर कुठले?" उत्तर मिळते, प्रॉपर सांगलीचे, प्रॉपर रत्नागिरीचे, आणि कोळीवाड्यातला माणूस असेल तर, प्रॉपर इथलेच. ओळख थोडी वाढली की पुढचा प्रश्न, "गावाकडे प्रॉपर्टी काय आहे?" हे दोन्ही शब्द आपण इतके घरचे करून घेतले आहेत, की ते एकाच घराण्यातले आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही. त्या घराण्याविषयी आज बोलावयाचे आहे. आम्ही इंग्रजी शिकलो ते कॉलेजात नव्हे, तर युनियनच्या कचेरीत, कायद्याचे पुस्तक आणि शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा जाणकारांनी चूक दिसल्यास सांगावी; आम्ही ती आनंदाने दुरुस्त करू.

लॅटिन भाषेत 'प्रोप्रियस' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ 'स्वतःचा', 'ज्याचा त्याचा'. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि त्याला 'प्रॉपर्टी' आणि 'प्रोप्रायटी' अशी दोन अपत्ये झाली. प्रॉपर्टी म्हणजे मालमत्ता. प्रोप्रायटी म्हणजे औचित्य. प्रारंभी या दोघांचे घर एकत्रच होते. हॉब्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ साली 'लेव्हायथन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मालकीहक्काला तो प्रोप्रायटी असेच म्हणतो. पुढे वाटणी झाली. एकाच्या वाट्याला 'कोणाचे?' हा प्रश्न आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला 'शोभते का?' हा.

जे ज्याचे स्वतःचे, ते त्याला साजते, हा विचार या घराण्याच्या मुळाशी आहे, आणि तो वाईट नाही. पण तोच उलटा फिरवला, की 'जे माझे, ते योग्यच' असे होते. आणि तेथून अनर्थास सुरुवात होते.

आपल्या भाषेत ही दोन घराणी पहिल्यापासून वेगळी आहेत. मिळकत, मालमत्ता हे शब्द एका बाजूला. उचित, योग्य हे दुसऱ्या बाजूला. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहिली. काव्यात कोणती गोष्ट कोठे शोभते, एवढाच त्याचा प्रश्न. मालकीचा तेथे संबंधही नाही. मात्र एक शब्द आपल्याकडे असा आहे, की त्यात दोन्ही गोष्टी नांदतात. तो म्हणजे 'हक्क'. हा शब्द अरबी. सत्य आणि न्याय्य हे त्याचे मूळचे अर्थ. म्हणून जो हक्क मागतो तो 'हे माझे आहे' एवढेच म्हणत नाही. 'हे माझे असणे न्याय्य आहे' असे म्हणतो. ज्याची बाजू न्याय्य नाही त्याने फार तर मालकी सांगावी, हक्क सांगू नये.

आता याच घराण्यातला तिसरा शब्द पाहू, कारण आम्हां कामगारांची गाठ पडली ती त्याच्याशीच. तो म्हणजे 'ॲप्रोप्रिएट'. विशेषण म्हणून त्याचा अर्थ समुचित; क्रियापद म्हणून वापरला, तर आपल्या ताब्यात घेणे, प्रसंगी गिळंकृत करणे. लिहिण्यात फरक नाही. शेवटच्या अक्षराचा उच्चार तेवढा बदलतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगारांचा तंटा न्यायाधिकरणाकडे सोपविण्याचा अधिकार 'समुचित सरकारा'ला दिलेला होता. पण समुचित कोणते, केंद्र की राज्य? या एका विशेषणावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले. २०१० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्या कंपनीचे निदान ५१ टक्के भागभांडवल केंद्राचे, तिच्यापुरते केंद्र सरकारच समुचित ठरले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही 'समुचित सरकार' आहेच. कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे आम्हांस मान्य आहे. पण मौज पाहा, 'योग्य कोण?' या प्रश्नाचे उत्तर 'मालक कोण?' असे विचारून मिळाले.

आमच्या चळवळीचेही असेच झाले. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांपैकी स्टॅनव्हॅकचा १९५४ साली सुरू झाला, बर्मा-शेलचा १९५५ साली. पहिला पुढे एस्सोचा झाला. १९७४ साली एस्सो आणि १९७६ साली बर्मा-शेल सरकारच्या मालकीचे झाले. मालक बदलला की प्रश्न सुटला, अशी चळवळीतील पुष्कळांची श्रद्धा होती. त्या मालकीबदलाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण चिमणीच्या धुराला भागभांडवल कळत नाही. कारखान्याशेजारी वस्ती किती जवळ असावी, हा प्रश्न औचित्याचा होता. तो आम्ही मालकीच्या खात्यात टाकला आणि विसरलो.

त्याचे फळ माहुललाच दिसले. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून कुटुंबांना माहुलच्या इमारतींत घरे देण्यात आली. पक्की भिंत आली, दाराला कुलूप आले. आणि २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने सांगितले, की माहुल आणि आंबापाडा येथील हवेच्या प्रदूषणामुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. अखेर २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेस बजावले, की जे माहुलला जाऊ इच्छीत नाहीत त्यांच्यावर सक्ती करू नये. दुसरीकडे घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी.

त्या वेळी पुष्कळ सुशिक्षित माणसे विचारीत, "फुकट घर मिळाले, तरी यांची तक्रार कशाची?" तक्रार हीच होती, की घर मिळाले पण ते राहण्याजोगे नव्हते. देणाऱ्याने प्रॉपर्टी मोजली, प्रोप्रायटी मोजली नाही. आणि त्याच गावातले कोळी, ज्यांच्या नावावर खाडीचा सात-बारा कधीच नव्हता, पण ज्यांची जाळी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात पडत आली, त्यांना कोणत्या खात्यात टाकावयाचे? मालकीच्या वहीत त्यांचे नाव नाही. औचित्याची वही कोणी ठेवलीच नाही.

श्रोतेहो, ही वही सरकार आपणहून ठेवील असे आम्हांस वाटत नाही. ती सभांनी, संघटनांनी आणि अशा व्याख्यानांना येणाऱ्या नागरिकांनी ठेवावयाची असते. उद्या तुमच्या प्रभागात नवी योजना येईल, तेव्हा जागा कोणाची हे अवश्य विचारा. पण तेवढ्यावर उठू नका. तेथे कोण राहणार, काय श्वासात घेणार आणि हे शोभते का, हेही विचारा. आणि हा प्रश्न आमच्या युनियनलाही विचारा. आम्ही तो फार उशिरा शिकलो.