गाडीचा नंबर पुरता वाचा

(आकाशवाणीवरील भाषण)



आपल्या खानदेशातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी वारंवार येते. कधी मुक्ताईनगरजवळची, कधी पारोळ्याच्या पुढची, कधी मुकटीची, कधी शिरपूरच्या रस्त्यावरची. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार.’ दोन ओळींत बातमी संपते. मी मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम करणारा वकील आहे, त्यामुळं त्या दोन ओळींनंतर त्या घरात काय होतं ते मला पाहावं लागतं. म्हणून आज मिळालेल्या वेळात मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. गाडीचा नंबर म्हणजे शेवटचे चार आकडे नव्हेत. आकड्यांच्या आधीची अक्षरं वाचा.

साक्षीदार भेटतो. भला माणूस असतो, टपरीवर चहा पीत उभा असतो, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. विचारलं की म्हणतो, “नंबर पाहिला ना साहेब, पंचेचाळीस बारा.” पुढं विचारावं, कुठला पंचेचाळीस बारा? “ते नाही सांगता येणार, पण पंचेचाळीस बारा नक्की.” झालं! एवढ्यावर गाडी कशी शोधायची?

एमएच १९ म्हणजे जळगाव आणि एमएच १८ म्हणजे धुळे, हे खानदेशातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याच्यापुढं जी एक किंवा दोन अक्षरं असतात, ती मालिका. एका मालिकेत १ पासून ९९९९ पर्यंत नंबर देतात, ते संपले की अक्षर बदलतं आणि मोजणी पुन्हा १ पासून सुरू होते. इंग्रजीतलं ओ अक्षर शून्यासारखं दिसतं आणि आय एकासारखं, म्हणून ती दोन वगळतात. राहिली चोवीस. म्हणजे एका अक्षराच्या मालिका २४, दोन अक्षरांच्या ५७६, एकूण ६००. सगळ्या मालिका अजून वापरून झालेल्या नाहीत, पण हिशेब ध्यानात घ्या. एकट्या जळगावच्या आरटीओ कार्यालयाला पंचेचाळीस बारा हा नंबर सहाशे वेळा देता येतो. धुळ्याला तितक्याच वेळा, नंदुरबारला तितक्याच वेळा. आणि आपला रस्ता म्हणजे सुरतेकडून नागपूरकडं जाणारा रस्ता; धुळ्यात त्याला मुंबई-आग्रा रस्ता छेदतो. गुजरातची जीजे, मध्य प्रदेशची एमपी, राजस्थानची आरजे, रावेर-सावद्याची केळी न्यायला आलेली हरियाणाची एचआर, या सगळ्यांत पंचेचाळीस बारा आहेतच.

पोलिस रंगावरून, कंपनीवरून, टोलनाक्याच्या कॅमेऱ्यावरून शोध घेतात. पुष्कळदा गाडी सापडतेही. पण दिवस जातात, आणि तेवढ्या दिवसांत फुटलेला दिवा बदलतो, चेपलेला पत्रा सरळ होतो.

आता पैशाचं सांगतो, कारण कुटुंबाचा प्रश्न तिथं येऊन थांबतो. गाडी सापडली तर तिच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं दावा लावता येतो. गेलेल्या माणसाचं वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं हे सगळं पाहून भरपाई ठरते. तृतीय पक्षाच्या विम्यात मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. गाडी सापडलीच नाही, तर सरकारची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून त्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये ठरलेले आहेत. त्याआधी तर २५ हजार आणि साडेबारा हजार होते. तिशीतला कमावता माणूस, मागं दोन लेकरं आणि म्हातारे आईवडील, आणि हातात २ लाख. न वाचलेल्या दोन अक्षरांची ही किंमत आहे, मंडळी.

आपल्या माता-भगिनींना हे मी भांड्यांच्या भाषेत सांगतो. लग्नात भांडं द्यायचं झालं की आपण त्यावर नाव घालून घेतो. देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. का घालतो? उद्या गल्लीत कार्य निघालं की सगळ्यांच्या घरची पातेली, पराती, तांबे एकत्र होतात. जेवणावळी उठल्या की बायका एकेक भांडं उलटं करून वाचतात आणि ज्याचं त्याच्या घरी पोचवतात. समजा एखादीनं नुसतं आडनाव वाचलं आणि म्हणाली, “पाटलांचं आहे.” आता आपल्या गावात पाटील किती! अर्धी गल्ली पाटील. ते पातेलं कुणाच्या घरी द्यायचं? नुसते चार आकडे सांगणारा साक्षीदार हेच करतो. तो आडनाव सांगतो, नाव सांगत नाही. एमएच हे राज्य, १९ हा जिल्हा, मधली अक्षरं ही मालिका आणि मग आकडे. चारही मिळाले तरच भांडं घरी पोचतं.

पुरा नंबर काय करू शकतो याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण १९९३ चं आहे. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्याच दिवशी वरळीत सोडून दिलेली एक मारुती व्हॅन सापडली, आत शस्त्रं होती. तिचा नंबर होता एमएफसी १९७२. हा जुन्या पद्धतीचा नंबर, तीन अक्षरं आणि आकडे. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. नव्या पद्धतीत राज्य, कार्यालय, मालिका असा क्रम आला. त्याआधी असे तीन अक्षरी नंबर होते. व्हॅनच्या त्या नंबरावरून पोलिस पुढं या स्फोटांत आरोपी ठरलेल्या मेमन कुटुंबाच्या माहीमच्या घरापर्यंत पोचले आणि तपासाचं दार उघडलं. नुसतं १९७२ हाती असतं तर मुंबईत गाड्या शोधत बसावं लागलं असतं. एमएफसी ही अक्षरं होती म्हणून दिशा मिळाली.

मला नंबर पाहण्याची सवय कामातून लागली. नवी मालिका रस्त्यावर दिसली की मी वहीत टिपून ठेवतो. दुचाकीच्या मालिका वेगळ्या, मोटारींच्या वेगळ्या, मालवाहू गाड्यांच्या वेगळ्या चालतात. अक्षरं क्रमानं पुढं सरकतात, त्यामुळं अक्षरावरून गाडी साधारण कुठल्या काळातली ते कळतं. एखाद्या साक्षीदारानं ‘अगदी नवी कोरी मोटार होती’ म्हटलं आणि सांगितलेली मालिका पंधरा वर्षांपूर्वीची निघाली, तर कुठंतरी चूक आहे हे लगेच ध्यानात येतं. एकतर त्याच्या वाचण्यात, नाहीतर पाटीच खोटी.

नंबरात आपला इतिहासही आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याला ३९ मिळाला. वाशीम ३७, हिंगोली ३८, नंदुरबार ३९, सगळे त्याच सुमाराला नव्यानं झालेले जिल्हे. पण शहादा-तळोद्याच्या एखाद्या जुन्या ट्रॅक्टरवर अजून एमएच १८ दिसतो, जसं आजीच्या तांब्यावर तिच्या माहेरचं गाव असतं. त्यात गैर काही नाही. राज्यातल्या राज्यात गाडी कुठंही गेली तरी नंबर तोच राहतो. पुण्यात आपली पोरं शिकायला, नोकरीला गेलीत. तिथं सिग्नलला एमएच १९ पाहून अनोळखी माणूस काच खाली करून विचारतो, “कोणता गावना शेतस भाऊ?” परराज्यात मात्र बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो.

रंगांचं झटपट सांगतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं खाजगी, पिवळ्यावर काळी भाड्याची. पाटी हिरवी असेल तर गाडी विजेवर चालणारी. तिच्यात पांढरी अक्षरं खाजगी, पिवळी अक्षरं भाड्याची. पिवळ्यावर लाल अक्षरं म्हणजे तात्पुरती नोंदणी, आणि लालवर पांढरी म्हणजे गाडी अजून विक्रेत्याचीच. घाईत अक्षर निसटलं तरी पाटीचा रंग सांगा, पोलिसांचं निम्मं काम हलकं होतं. सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आली आहे. तिच्यात आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे आणि अक्षरं शेवटी. बीएच पाहून ‘बिहारची गाडी होती’ असं बेधडक सांगतात. बिहारची बीआर. बीएच म्हणजे भारत. ही गाडी तुमच्या शेजारच्या बँकेतल्या अधिकाऱ्याची असू शकते. तेव्हा अक्षरं पाहा, आणि कुठं आहेत तेही पाहा.

आता थोडं रागावतो, माफ करा, पण रागवावंसं वाटतं.

४१४१ असा नंबर घ्यायचा आणि आकडे वाकवून ‘दादा’ लिहायचं. २१४ चं ‘राम’ करायचं. पोरांना हौस वाटते, आईबाप कौतुक करतात. अक्षरांची उंची, जाडी, मधलं अंतर हे सगळं नियमात बांधलेलं आहे. भांड्यावर इतकी वेलबुट्टी काढली की नावच वाचता येईना, तर ते नाव कशाला घातलं? आणि गिरणा, तापी, पांझरेच्या पात्रातून वाळू भरून रात्री निघणारे डंपर आणि ट्रॅक्टर! कुणाची पाटीच नाही, कुणाची चिखलानं माखलेली, कुणाचा एखादा आकडा खरवडलेला. भांड्यावरचं नाव घासून काढणारा माणूस कोण असतो, हे गावाला सांगावं लागत नाही. अशी गाडी अंगावर आली तर तुम्ही काय वाचणार आणि पोलिसांना काय सांगणार? शेतकरी बांधवांनाही एक विनंती. ट्रॉलीला स्वतःचा वेगळा नंबर असतो. कापसानं, चाऱ्यानं मागची बाजू झाकली जाते आणि अंधारात ती ट्रॉली ना दिसते ना ओळखता येते. मागं पाटी लावा, चमकपट्टी लावा.

उच्च सुरक्षा पाटी याचसाठी आली. ॲल्युमिनियमची, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला दहा आकडी क्रमांक, आणि एकदा काढलं की पुन्हा न बसणारं कुलूप. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती मिळूनच येते. जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात दर ठरले: दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, मोटारीपासून ट्रकपर्यंत ७४५, वर जीएसटी. ३१ मार्च २०२५ ची मुदत होती. ती वाढवत वाढवत वर्षाच्या शेवटापर्यंत न्यावी लागली. दोन लाखांची मोटार... दोन लाखांची कसली, दहा लाखांची मोटार घेणारा माणूस ७४५ रुपयांसाठी मुदतवाढीची वाट पाहतो.

सैन्याच्या गाड्यांबद्दलही बोलायचं होतं. भुसावळ, वरणगाव भागात त्या दिसतात. त्यांच्या नंबराच्या सुरुवातीला वर टोक केलेला बाण असतो, पुढं वर्ष असतं, आणि त्यांची नोंद आरटीओकडं नसते. तो विषय मोठा आहे, आणि काचेपलीकडून मला वेळेची खूण झाली आहे. तो राहू दे.

पण अक्षरं लक्षात कशी ठेवायची, हे सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. फोनवर बी, डी, पी, टी सगळी सारखीच ऐकू येतात. म्हणून आपल्या गावांची नावं जोडा. ए अमळनेरचा. बी भुसावळचा. सी चाळीसगावचा. डी धुळ्याचा. ई एरंडोलचा. जे जामनेरचा. एन नवापूरचा. पी पारोळ्याचा. आर रावेरचा. एस साक्रीचा. टी तळोद्याचा. वाय यावलचा. गाडी दिसली की मनात म्हणा, एमएच १९, भुसावळ, धुळे, आणि मग आकडे. आज घरी जेवताना मुलांकडून म्हणवून घ्या. दारातल्या स्वतःच्या गाडीपासून सुरुवात करा. कितीतरी घरांत आईला घरच्या गाडीची मधली अक्षरं सांगता येत नाहीत. मग गाडी चोरीला गेली की पोलिस ठाण्यात कागद सापडेपर्यंत खोळंबा.

अपघात दिसला तर आधी जखमीकडं धावा, १०८ ला फोन करा. दोघे असाल तर एकानं जखमीला पाहावं आणि दुसऱ्यानं निघून चाललेल्या गाडीचा नंबर वाचावा. कागद नसेल तर हातावर लिहा, मोबाइलमध्ये बोलून ठेवा. मग ११२ लावा, आणि सांगताना आकड्यांपासून सुरुवात करू नका. राज्य, जिल्हा, अक्षरं, आकडे, याच क्रमानं सांगा, आणि पलीकडच्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.