दायमाबादच्या रथाचं वय

1974 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला जमिनीत ब्राँझची चार शिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ. रथात उभा सारथी. रथ जवळपास 45 सेंटिमीटर लांब, आणि चारही शिल्पांचं मिळून वजन 60 किलोंहून अधिक!

पण ती किती जुनी? इथून वाद पेटला. शिल्पं शास्त्रीय उत्खननात मिळाली नव्हती, त्यामुळे ती मातीच्या नेमक्या कोणत्या थरातली, हा सर्वांत मोलाचा पुरावाच हातात नव्हता. शिवाय, धातूचं वय कार्बन-14 पद्धतीनं थेट मोजता येत नाही.

एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या अभ्यासकांनी ती उत्तर-हडप्पा काळातली मानली. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवलं. या शिल्पांत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे. ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत असा मिश्रधातू आढळत नाही, म्हणून ती बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातली असावीत, असं त्यांचं मत.

मला अग्रवालांचा आक्षेप गंभीर वाटतो, पण निर्णायक नाही. धातू दुरून, दुसऱ्याच खाणीतून आलेला असू शकतो. पुढे साळींनी तिथे 1979 पर्यंत उत्खनन केलं. उत्तर-हडप्पा वस्ती तिथे निश्चित होती, हे त्यातून दिसलं. शिल्पं त्याच वस्तीची होती का, यावर मात्र अभ्यासकांचं अजून एकमत नाही.