मेल दारातूनच परत का येतो?



भारतातल्या ईमेलचा इतिहास सांगायला आपल्या मुंबईच्या उपनगरांबाहेर फारसं जावं लागत नाही. १९८७ साली एर्नेट या शैक्षणिक-संशोधन नेटवर्कच्या ईमेलची पहिली देवाणघेवाण टेलिफोनच्या तारेवरून झाली. एका टोकाला जुहूची एनसीएसटी ही संस्था होती, दुसऱ्या टोकाला पवईची आयआयटी. १९८९ मध्ये '.इन' हे देशाचं डोमेन मिळालं आणि पुढे बरीच वर्षं त्याचा कारभार जुहूहूनच चालला. त्याआधी मेलच्या पत्त्यातच वाटेवरच्या एकेका संगणकाचं नाव लिहावं लागे. डोमेन आलं, आणि संगणकांची नावं आपण विसरलो. मेल सर्व्हर मात्र ती अजून विचारतो.

सोसायटीची मेंटेनन्सची बिलं मेलने पाठवणारं सॉफ्टवेअर घ्या. ऑफिसातला संगणक बदलला आणि बिलं जाईनात. पासवर्ड बरोबर, नेट चालू. सेक्रेटरी वैतागतात, सॉफ्टवेअरवाला "आमच्याकडून सगळं ओके" म्हणतो. कारण लॉगमधल्या एका ओळीत असतं: ५०४, पूर्ण होस्टनेम, म्हणजे संगणकाचं डोमेनसकट नाव, हवं.

मेल पाठवणारा संगणक सर्व्हरला आधी 'हेलो' किंवा 'एहलो' म्हणून आपलं नाव सांगतो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवण्याच्या, नियमांपासूनचा हा रिवाज. हे नाव आपण टाइप करत नाही. प्रोग्राम ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो. मिळतं काय, तर 'लोकलहोस्ट', नाही तर 'ऑफिस_पीसी'. पहिलं नाव जगातला कुठलाही संगणक स्वतःला लावतो. दुसऱ्याला डोमेनच नाही, वर होस्टनेममध्ये न चालणारा अंडरस्कोअर. सोसायटीच्या गेटवर वॉचमनला "मी इथलाच" एवढंच सांगण्यातला हा प्रकार.

उपाय शोधताना आधी पाहायचं, मेल पोहोचवतं कोण? मेल कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करून, ५८७ पोर्टवरून बिलं जात असतील, तर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आपल्या डोमेनखालचं पूर्ण नाव भरा. पायथनमध्ये ही जागा 'लोकल होस्टनेम', पोस्टफिक्समध्ये 'मायहोस्टनेम'. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

स्वतःचा सर्व्हर थेट मेल पोहोचवत असेल तर काम वाढतं. नावावरून आयपी, म्हणजे संगणकाचा आकडी पत्ता, सापडला पाहिजे आणि आयपीवरून तेच नाव. ही दुसरी, उलटी नोंद म्हणजे पीटीआर. ती डोमेन विकणाऱ्याकडे नसते. ज्याने आयपी दिला त्या इंटरनेट किंवा होस्टिंग कंपनीच्या हातात असते. लोक नेमके चुकीच्या दारी खेटे घालतात ते इथेच.

गंमत अशी, की २००८ सालचा एसएमटीपीचा नियम म्हणतो, नाव आणि आयपी जुळत नाहीत एवढ्यावरून मेल नाकारू नका. पण स्पॅमने सर्व्हरवाले कडक झाले. जीमेलच्या खात्यांवर मेल पाठवणाऱ्यांना गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून पीटीआर नोंद बंधनकारकच केली. नियम उदार राहिला तरी मेल अडतो तो व्यवहारात.

यावर काही जण नावाच्या जागी सरळ 'जीमेल डॉट कॉम' ठोकून देतात. ते नाव आपल्या आयपीचं नाही हे सर्व्हरला क्षणात कळतं, आणि आपली गणना तोतयांत होते. नाव आपल्याच डोमेनचं आणि शोधलं तर सापडणारं हवं. तेव्हा नवं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला विचारा: तुमचा प्रोग्राम सर्व्हरला कोणतं नाव सांगतो, आणि ते बदलायचं कुठे? उत्तर आलं नाही तर चेकवर सही करायची घाई करू नका.